जिद्दीच्या गावात कृपेची बाजू

नांदेड-लातूरकडे सध्या एका शब्दाची फार चलती आहे. जिद्द. लातूरच्या ट्यूशन एरियात फिरा, नाहीतर नांदेडच्या भाग्यनगर-बाबानगरात. फ्लेक्सवरच्या हसऱ्या चेहऱ्यांखाली शिकवण एकच असते. ठरवलंत तर काहीही अशक्य नाही. आणि जमलं नाही, तर तुमची इच्छाशक्ती कमी पडली. ही शिकवण आता क्लासच्या भिंतीपुरती राहिलेली नाही. ज्याची दारू सुटत नाही त्या बापाला तीच ऐकवली जाते. ज्याचं कर्ज फिटत नाही त्या शेतकऱ्याला, घरकाम सांभाळून जिचा अभ्यास मागे पडतो त्या मुलीलाही तीच. आमच्या मशिदीतल्या तकरिरींतही ती शिरली आहे. फजरची नमाज चुकते म्हणजे इरादा कच्चा, बात खतम.

या वातावरणात ख्रिस्ती धर्मातल्या एका कल्पनेची सर्रास टिंगल होते. कल्पना थोडक्यात अशी : माणूस स्वतःच्या बळावर स्वतःला वाचवू शकत नाही. देवाच्या कृपेनं तो वाचतो आणि ती कृपा कमावता येत नाही, ती मिळते. टिंगल करणारे दोन प्रकारचे आहेत. एक आमचे दीनी बांधव. मोबाइलवर मुनाजरे पाहून ते सांगतात की, ही फुकटातली मुक्ती आहे. पाप करा, येशूच्या खात्यावर टाका आणि मोकळे व्हा. दुसरे आमचे पुरोगामी मित्र. त्यांच्या लेखी हे परावलंबन आहे, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ या म्हणीचा चर्चमधला अवतार आहे. या दोघांचं एरवी कशावरच जमत नाही. इथे मात्र एकमत आहे.

मला दोघांशीही भांडायचं आहे. मी मुसलमान आहे. मूळ पाप आणि दुसऱ्यानं आपल्यासाठी भोगलेलं प्रायश्चित्त मी मानत नाही, त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण माणसाच्या इच्छाशक्तीची हद्द कुठे संपते, हे ख्रिस्ती विचारानं नीट ओळखलेलं आहे. आपल्या दीनमध्येही ते स्पष्ट सांगितलेलं आहे आणि आपण ते विसरत चाललो आहोत. त्या विसरण्याची किंमत आपली मुलं मोजत आहेत.

लातूरहून पुण्याकडे जाणारी गाडी दौंड सोडल्यावर थोड्याच वेळात केडगाव स्टेशनवरून जाते. परीक्षेला, मुलाखतीला, नोकरीला निघालेली मराठवाड्यातली हजारो पोरं या रुळांवरून गेली आहेत. याच केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. महिला दिनाच्या भाषणांत रमाबाईंचं नाव येतं तेव्हा बहुतेक वेळा एकच विशेषण जोडलं जातं : जिद्दी. प्रचंड इच्छाशक्तीची स्त्री, संकटांवर मात करणारी स्त्री. रमाबाईंनी स्वतःबद्दल जे लिहून ठेवलं आहे, ते याच्या बरोबर उलट आहे. त्यांचं काम आपण घेतलं आणि त्यांची साक्ष बाजूला ठेवली.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला आणि मुलीला त्यांनी संस्कृत शिकवलं. कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि वर्षानुवर्षं चालतच राहिलं. देवळांत पुराणं सांगायची, मिळेल त्यातलं दानधर्मात घालायचं, बाकी व्रतं, उपास, अनुष्ठानं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गाठीचा पैसा संपला, तरी उपासना थांबली नाही. आधी वडील गेले, पाठोपाठ आई, मग मोठी बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. ही भावंडं हजारो मैल पायी हिंडली. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, म्हणून वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली.

या कुटुंबाची इच्छाशक्ती कमी होती, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का? धर्मानं सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं, शेवटचा घास जाईपर्यंत केलं होतं. आपल्या प्रयत्नाच्या बदल्यात देव काहीतरी देणं लागतो, या हिशेबाचा शेवट रमाबाईंनी आई-बापांच्या मरणात पाहिला. त्यांच्या पुढच्या सगळ्या धार्मिक प्रवासामागे हा अनुभव आहे. तो वगळून त्यांच्या धर्मांतराबद्दल बोलणं म्हणजे अर्धंच बोलणं.

भाऊही पुढे गेला. लग्न झालं, दीड-दोन वर्षांत पतीचं निधन झालं. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर तान्ही मनोरमा. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाची बाजू मांडली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा घेतला म्हणून मान तुकवली असंही झालं नाही. ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशी त्या पत्रांतून कडाडून वाद घालत राहिल्या. चर्चचा अधिकार का मानायचा, अमुक सिद्धांत का स्वीकारायचा, असे प्रश्न विचारत राहिल्या. इच्छाशक्ती आणि स्वाभिमान यांची त्यांच्याकडे ददात नव्हती.

आणि तरीही १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्मा झाल्यानंतर तब्बल आठ वर्षं आपल्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. नियम होते, मतं होती, स्वतःला सुधारण्याची धडपड होती. मन मात्र अस्वस्थ होतं. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगलं की, आपण हा धर्मही जुन्याच हिशेबानं पाळत होतो. आपल्या चांगुलपणावर आपली सुटका अवलंबून नाही, ती दिली गेलेली आहे, हे स्वीकारल्यावर आपल्याला शांती मिळाली, असं त्या सांगतात. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा.

आता टिंगल करणाऱ्यांना माझा प्रश्न. कृपेवर विसंबलेली ही बाई पुढे काय करत बसली? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं मरायला टेकलेल्या मुलींना घेऊन आल्या. सुमारे तीनशे मुली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. केडगावच्या माळावर दीड हजारांहून जास्त मुली आणि बायका राहू लागल्या. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, तेलाचा घाणा घातला, छापखाना उभा केला, अंध मुलींना ब्रेल शिकवलं. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. ते हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुक्ती सदनातल्या बायकांनीच ते बायबल छापलं. खाटल्यावर बसून हरीची वाट पाहणारी माणसं अशी असतात?

यावर पुरोगामी मित्रांचं ठरलेलं उत्तर आहे : काम त्यांच्या जिद्दीनं झालं, कृपा वगैरे तेव्हाची भाषा होती. हा मला सरळसरळ अपमान वाटतो. ज्या बाईनं रानड्यांपासून चर्चच्या बिशपांपर्यंत कुणाचंही न पटलेलं ऐकून घेतलं नाही, तिला स्वतःच्या आयुष्याचा अर्थ कळला नाही आणि तो तुम्हाला-आम्हाला कळला, असा त्याचा अर्थ होतो. शारदा सदनातल्या धर्मांतराच्या वादावरून १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात कोण किती बरोबर, यावर जरूर भांडावं. पण रमाबाईंच्या कामामागची प्रेरणा काय होती, याबद्दल पहिला शब्द रमाबाईंचाच असला पाहिजे.

आता आमच्या दीनी बांधवांकडे येतो. ‘कृपा असेल तर मग पाप करायला मोकळीक’ हा आक्षेप काही आपण शोधलेला नाही. पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न स्वतःच उभा केला आहे आणि तिथल्या तिथे साफ फेटाळला आहे. चौथ्या-पाचव्या शतकांत पेलागियस नावाच्या ब्रिटनमधल्या साधूनं मांडलं की, माणसानं मनावर घेतलं तर तो पापाशिवाय जगू शकतो. त्याला उत्तर दिलं ऑगस्टिननं. हा ऑगस्टिन आजच्या अल्जीरियात जन्मलेला, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या मातीतला माणूस. त्याचं निरीक्षण साधं होतं. मन हाताला हुकूम देतं तेव्हा हात लगेच हलतो. तेच मन स्वतःला हुकूम देतं तेव्हा ऐकत नाही. सकाळी लवकर उठायचं ठरवलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसचं मत नाकारलं. आज आपल्या फ्लेक्सवर जे छापलेलं असतं, ते सोळाशे वर्षांपूर्वी नाकारलेलं पेलागियसचंच मत आहे, फक्त त्यातून अल्लाह वजा केलेला आहे.

ख्रिस्ती लोकांतही कृपेचा बाजार मांडणारे आहेत, हे मी नाकारत नाही. मैदानं भरवून आजार पळवणारे आहेत, देणगीच्या बदल्यात बरकत विकणारे आहेत. पण त्यांच्यावरची सगळ्यांत कडक टीकाही आतूनच आलेली आहे. १९३७ मध्ये डिट्रिच बोनहोफर या जर्मन पाद्र्यानं ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरून, आयुष्य न बदलता मिळणारी माफी ही चर्चची जानी दुश्मन आहे, असं लिहिलं. हिटलरच्या विरोधात उभं राहिल्याबद्दल एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिलं गेलं. स्वस्त कृपेवर हसणं सोपं आहे. ती चालवून घेणार नाही असं म्हणून फासावर गेलेल्या माणसाला आपल्याकडे काय उत्तर आहे?

आपल्या मराठवाड्यातलीच एक गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ, निजामाच्या राज्यात, नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. स्वतः ब्राह्मण कुटुंबातून आलेले शेषाद्री १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले होते. गावासाठी जमीन दिली ती सालारजंगांनी, म्हणजे हैदराबादच्या मुसलमान दिवाणांनी. तिथे राहायला आलेल्यांत मुख्यतः मांग आणि महार कुटुंबं होती. पिढ्यान् पिढ्या या माणसांना सांगितलं गेलं होतं की, तुमची जागा ही तुमच्याच मागच्या जन्मीच्या कर्मांची कमाई आहे. जातीची उतरंड हीसुद्धा एक लायकीचीच व्यवस्था होती. ज्याला त्याला आपापल्या करणीचं फळ मिळालं आहे, असा तिचा दावा. त्या माणसांना कुणीतरी येऊन सांगतं की, देवापुढे कुणाचीच लायकी नाही, ब्राह्मणाचीही नाही, आणि जे मिळतं ते सगळ्यांना सारखंच, फुकट मिळतं. ‘फुकट’ हा शब्द तुच्छतेनं वापरणाऱ्यांनी बेथेलच्या वेशीवर उभं राहून तो कसा ऐकू आला असेल, याचा विचार करावा.

आता दारूकडे वळू. इच्छाशक्तीचा याहून मोठा कस दुसरा नाही. नांदेड-लातूरच्या कुठल्याही वस्तीत दारूनं खाल्लेली घरं आहेत. आपल्या मोहल्ल्यांतही आहेत, हराम म्हणून ती लपवली जातात एवढंच. अशा माणसाला आपण शपथा घालतो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतो, कुरआनवर हात ठेवायला लावतो. तो मनापासून शपथ घेतो आणि आठवड्यात मोडतो. मग आधीच्या शरमेत नवी शरम मिसळते आणि ती शरम बुडवायला तो पुन्हा गुत्त्यावर जातो. १९३५ मध्ये अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ सुरू झालं. त्याची मुळं एका ख्रिस्ती चळवळीत होती. त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी शपथ नाही. दारूपुढे मी हरलो आहे, माझं मला आवरत नाही, ही कबुली आहे. दुसरी पायरी, आपल्याहून मोठी शक्ती आपल्याला सावरू शकेल हा भरवसा. आज महाराष्ट्रातही त्यांच्या मराठी सभा चालतात. त्यांत सगळ्या धर्मांची माणसं बसतात. त्यांना काम थोडं पडतं असं समजू नका. केलेल्या चुकांची यादी करायची, दुखावलेल्या माणसांपुढे जाऊन भरपाई करायची, एकेक दिवस काढायचा. कबुली आधी, मेहनत नंतर. आपण मेहनत आधी मागतो आणि ती जमली नाही की माणूस टाकून देतो.

मुलांच्या बाबतीतही आपण हेच करतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला गोळीचा प्रयोग जवळजवळ प्रत्येक प्रेरणादायी व्याख्यानात सांगितला जातो. लहान मुलापुढे मिठाई ठेवायची. थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील, असं सांगायचं. जी मुलं थांबली, ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली. व्याख्यान इथे संपतं. २०१८ मध्ये सुमारे नऊशे मुलांची माहिती घेऊन हा अभ्यास पुन्हा केला गेला, तो कुणी सांगत नाही. त्यात थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध आधीच्या निम्माच निघाला. आणि मुलाच्या घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा गळून पडला. ज्या घरात उद्याच्या जेवणाची खात्री असते, तिथलं मूल थांबू शकतं. ज्याला आपण संयम म्हणतो, त्यात आईच्या हातच्या जेवणाचा वाटा किती, हे त्या मुलालाही ठाऊक नसतं.

लातूर पॅटर्नचं तरी काय? राजर्षी शाहू महाविद्यालयापासून नावारूपाला आलेला हा पॅटर्न म्हणजे जादा तास, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा, उत्तरपत्रिका तपासून चुका दाखवणं. हे सगळं केलं शिक्षकांनी. मुलानं मेहनत घेतली, त्याचं श्रेय त्याला आहेच. पण वेळ मोडून शिकवणारे शिक्षक, डबा पोहोचवणारी मेस, शेत गहाण टाकणारा बाप, धाकट्या भावंडांना सांभाळणारी बहीण, यातलं त्यानं स्वतः काय कमावलेलं होतं? फ्लेक्सवर मात्र एकट्याचा फोटो आणि खाली ‘जिद्द’.

आणि गणित तर पाहा. २०२४ मध्ये नीट परीक्षेला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत. या २३ लाख मुलांनी सगळ्यांनी रात्रीचे तीन वाजवले असते, सगळ्यांची इच्छाशक्ती पोलादाची असती, तरीही बावीस-साडेबावीस लाख बाहेरच राहिली असती. मग ज्याला जागा मिळाली नाही, त्याला ‘तूच कमी पडलास’ असं कोणत्या तोंडानं सांगता? लातूरमध्ये शिकायला आलेल्या काही मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. प्रत्येकाचं कारण वेगळं असेल, मी निदान करत नाही. पण अपयश आलं म्हणजे माणूस म्हणूनच आपण नालायक, हा धडा ज्या हवेत दिला जातो, ती हवा आपण सगळ्यांनी मिळून तयार केलेली आहे.

खरं तर आपल्याच भागाला हे वेगळं सांगावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली जवळपास दहा हजार माणसं दगड-मातीच्या घरांखाली झोपेत गेली. जे वाचले, ते जिद्दीनं वाचले का? कुणी अंगणात झोपलं होतं, कुणी गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरापर्यंत बाहेर होतं, कुणाच्या डोक्यावर तुळई आडवी पडली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा लातूर प्यायलं. लातूरकरांच्या कोणत्याही जिद्दीनं मांजरा धरणात पाणी आलं नसतं. ज्या जिल्ह्यानं हे पाहिलं आहे, त्यानं ‘माझं सगळं माझ्या बळावर’ असं म्हणावं, याचं आश्चर्य वाटतं.

मुसलमान म्हणून तर हे आपण कधीच म्हणू नये. मुअज्जिन नमाजकडे या, कामयाबीकडे या अशी हाक देतो, तेव्हा ऐकणाऱ्यानं काय म्हणायचं असतं? ‘येतो’ असं नाही. ‘लाहौल’ म्हणायचं असतं. म्हणजे, अल्लाहच्या मदतीशिवाय ना वळण्याची ताकद आहे, ना काही करण्याची. उठून मशिदीत जायचं साधं कामसुद्धा तौफिक मिळाल्याशिवाय होत नाही, ही कबुली दिवसातून पाच वेळा. आणि आपण त्या कलिम्याचं काय केलं? काही ओंगळ दिसलं की नाक मुरडून म्हणायचा शब्द करून टाकला.

बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. पैगंबर (स.) सांगतात की, कुणालाही त्याची कर्मं जन्नतमध्ये नेणार नाहीत. सहाबा विचारतात, आपल्यालाही नाही? उत्तर येतं, मलाही नाही. अल्लाहनं आपल्या रहमतीनं झाकून घेतलं तरच. सूरह युसूफमध्ये आहे की, नफ्स वाईटाकडेच ओढतो, रब ज्याच्यावर रहम करील तो वेगळा. कुरआन माणसाला दुर्बळ घडवलेलं म्हणतो. एक सूरह सोडली तर बाकी सगळ्या सूरह रहमान आणि रहीम या नावांनी सुरू होतात. माणूस आपल्या कृतीचा स्वतः कर्ता की अल्लाह, यावर मुअतजिला आणि अशअरी यांनी दीर्घकाळ वाद घातला. ‘कृपा’ म्हटल्यावर ज्यांना हसू येतं, त्यांनी आधी आपलं घरचं वाचावं.

फरक आहेतच, आणि ते पुसून टाकणं मला मान्य नाही. आदमची चूक त्याला माफ झाली, तिचा बोजा आपल्याला वारशानं मिळालेला नाही, असं आम्ही मानतो. कुणी कुणाचं ओझं उचलणार नाही, असं कुरआन सांगतो. त्यामुळे येशूनं, आमच्या ईसा अलैहिस्सलामनं, क्रूसावर आपलं पाप भोगलं, हे आम्ही स्वीकारत नाही. रहमतीला मध्ये बलिदान लागत नाही, तौबा पुरते. शिवाय माणसाला त्यानं केलेल्या प्रयत्नाचंच मिळतं, असंही कुरआन सांगतो. ऊंट आधी बांध, मग तवक्कुल कर, ही तिर्मिजीतली हदीस तर आपल्या पोराबाळांना पाठ असते. म्हणून प्रयत्न सोडा, असं मी कुठेच म्हणत नाही. प्रयत्न हे बंद्याचं कर्तव्य आहे. फळ ही त्याची कमाई नाही, एवढंच म्हणतो आहे. इथपर्यंत रमाबाई आणि एखादी नमाजी मुसलमान आजी यांच्यात फारसं अंतर नाही. पुढच्या वळणावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

मराठीला तर ही कल्पना मुळीच परकी नाही. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशा अर्थाचं म्हटलं होतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपण वारकऱ्यांचे संत म्हणून मानतो, तेही मुसलमानच होते. नांदेडच्या हुजूर साहिबमध्ये माथा टेकणाऱ्याला गुरूची कृपा म्हणजे काय, हे कुणी शिकवत नाही. कृपा, रहमत, मेहेर, दया : एवढे शब्द आपल्या बोलीत आहेत. क्लासच्या भिंतीवर त्यांतला एकही नाही.

ही बाजू घेण्यात धोका आहे, हे मी जाणतो. कृपेच्या नावाखाली अन्याय खपवता येतो. ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून मुलीची शाळा बंद करणारे आपल्यात आहेत, ‘तकदीर’ म्हणून हातावर हात धरून बसणारेही आहेत. त्यांच्या हाती हा लेख पडावा अशी माझी इच्छा नाही. पण त्यांना उत्तर द्यायला जिद्दीचा फ्लेक्स पुरत नाही. त्यांना उत्तर रमाबाई देतात. आपल्याला जे न कमावता मिळालं, ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवल्याशिवाय ज्यांना चैन पडली नाही, त्या रमाबाई. स्वतःच्या बळावर आलो असं मानणारा मागे वळून पाहत नाही. त्याच्या लेखी मागे राहिलेला आळशी असतो. उचलून आणला गेलो असं मानणारा दुष्काळात गाडी पकडून मध्य प्रांतात जातो.

तेव्हा मागणी साधी आहे. क्लासवाल्यांनी निवड झालेल्यांच्या फोटोंबरोबर एकूण किती मुलं बसली होती, तो आकडाही फ्लेक्सवर छापावा. आमच्या इमामांनी परीक्षेच्या दिवसांत मेहनतीवर एक खुतबा द्यावा, तसा निकालानंतरच्या जुम्म्याला रहमतीवर एक द्यावा. दारू सोडू पाहणाऱ्याला शपथ घालण्याऐवजी त्याच्यासोबत कुणीतरी सभेला जावं. आणि आई-बापांनी, निकाल लागेल त्या दिवशी पोरगं यादीत नाव न सापडता घरी आलं, तर किती गुण कमी पडले, कुठे कमी पडलास, हे त्या रात्री विचारू नये. आधी त्याला जेवायला वाढावं.